पहिली हाक आईची

तुमच्या आज्याचा आजा लंगोटी लावून गुरं राखत होता, त्या काळातली ही गोष्ट. तेव्हा पांगारवाडीला रस्ता नव्हता, आणि खरं सांगायचं तर पांगारवाडी म्हणून तिला कुणी ओळखतही नव्हतं. घाटाखालची माणसं नुसतं 'ती वरची घरं' म्हणत. त्या वरच्या घरांत येसबा चोरगे नावाचा एक शेतकरी राहायचा. त्याला हैबती नावाचा एकुलता एक मुलगा होता.

हैबतीला लहानपणापासून एक खोड होती. तो विचारायचा. विहिरीचं पाणी थंडीत कोमट का लागतं, घोरपड भिंतीला कशाने चिकटते, कुंभार मडकं वाजवून बघतो तेव्हा त्याला नेमकं काय कळतं. उत्तर मिळालं की तो ते स्वतः करून बघायचा, आणि नाही मिळालं तर मिळेपर्यंत विचारत राहायचा. त्याचं तोंड बंद राहावं म्हणून कुंभाराने त्याला चाकावर बसवलं आणि सुताराने हातात रंधा दिला, असं म्हणतात. पुढे लग्न झालं, सारजा घरात आली, ताना नावाची मुलगी झाली, तरी खोड गेली नाही. सारजा भाकरी थापायला बसली की हा चुलीपाशी येऊन बसायचा.

"ही मधी फुगती, मग कडंला का फुगत न्हाय?"

"तुमी उठा बरं हितनं," सारजा म्हणायची. "तुमच्या इचारण्यानं तवा निवतोय."

मग साहेबाची पहिली मोठी लढाई लागली. पलटणीचे लोक गावोगाव फिरून जवान गोळा करू लागले, आणि हैबती त्यांच्याबरोबर निघून गेला. कुणी म्हणतं पगारासाठी गेला. वाडीतली जुनी माणसं मात्र सांगतात की त्याला समुद्र बघायचा होता. समुद्र त्याने बघितला. बोटीने तो बसऱ्याला उतरला, तिथून नदीच्या काठाने वर वर गेला, आणि एका गावात त्याची सगळी पलटण वेढ्यात अडकली. खायला घोडीसुद्धा उरली नाहीत तेव्हा राहिले तेवढे जवान तुर्कांच्या हाती पडले. इकडे वाडीत फक्त एक सरकारी कागद आला. तलाठ्याने तो वाचून दाखवला. हैबती बेपत्ता आहे, एवढंच त्यात होतं.

आता आपल्याकडचा रिवाज तुम्हाला सांगायला हवा. परमुलखात गेलेला माणूस बेपत्ता झाला तर बारा वर्षं त्याची वाट बघायची. नाहीच आला तर पळसाच्या पानांचा माणूस बांधायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि त्या पानांच्या माणसाला अग्नी द्यायचा. मग त्याला पाणी पोहोचतं आणि तो सुटतो. येसबाला हे सगळं माहीत होतं. पण त्याच्या स्वप्नात हैबती यायला लागला. वाळूत बसलेला, ओठ फुटलेले, काही न बोलता बापाकडे बघणारा. येसबा ओरडत उठायचा आणि माठातलं पाणी अंगणात ओतायचा. बारा वर्षं लेकराला तहानलेलं कसं ठेवायचं, असं तो ज्याला त्याला विचारू लागला. शेवटी तिसऱ्या वर्षीच त्याने पळसाची पानं आणली, आपल्या हातांनी पुतळा बांधला आणि आपल्या हातांनी पेटवला. सारजाच्या बांगड्या फुटल्या. तिचं कुंकू पुसलं. तानाला कळेना, की पानं जळाली त्यात आई एवढी का रडते.

आणि हैबती तर जिवंत होता. तुर्कांनी त्याला डोंगर फोडायला लावलं होतं, आगगाडीचे बोगदे खणायला. बरोबरचे निम्मे लोक तिथेच संपले. हा वाचला, तो त्याच्या खोडीमुळे, असं म्हणतात. दगड उचलता उचलता तो खुणांनी विचारत राहिला. एका भटारखानेवाल्याला त्याने विचारलं की भट्टी कशी बांधतात, एका मेंढपाळ म्हाताऱ्याला विचारलं की मोडलेलं हाड कसं बसवतात. विचारणाऱ्या माणसाची त्या परक्या लोकांनाही मौज वाटली असावी. भटारखानेवाला त्याला उरलासुरला तुकडा द्यायचा आणि म्हातारा त्याच्या पायांच्या जखमांना पाला लावायचा. लढाई संपली, सुटका झाली, आणि एका सकाळी हैबती चोरगे घाट चढून वाडीत आला.

त्याला पहिल्यांदा बघितलं ते पाणवठ्यावरच्या बायकांनी. घागरी टाकून त्या पळाल्या. सारजा तेवढी पळाली नाही. ती पांढऱ्या कपाळाने तिथेच उभी राहिली. हैबतीने तिच्या मोकळ्या हातांकडे बघितलं आणि जन्मभर सगळ्या गोष्टी विचारणारा तो माणूस तिथे काहीच विचारू शकला नाही.

ज्याची क्रिया झाली तो परत आला तर त्याचं काय करायचं, हे वाडीत कुणाला ठाऊक नव्हतं. खालच्या गावाहून भटजींना बोलावलं. त्यांनी पोथी काढली आणि सांगितलं, मेला तो मेला, आता याला पुन्हा जन्माला घालावं लागेल. मग गुळाच्या काहिलीत पाणी भरून त्यात एवढ्या मोठ्या मिशाळ जवानाला बसवलं, गोधडीत गुंडाळलं, पाळण्याची दोरी त्याच्या अंगाला बांधून बायकांनी पाळणा म्हटला आणि कानात नाव सांगितलं, हैबती. हैबतीची म्हातारी आई हसावं की रडावं हे न कळून पदर तोंडात धरून बसली होती. नंतर त्याचं सारजाशी पुन्हा लग्न लागलं. आईबापाच्या लग्नात अक्षता टाकणारी ताना ही पंचक्रोशीतली एकटीच पोर असेल. त्या दिवशी वाडी पोट धरून हसली.

एक माणूस हसला नाही. येसबा घराच्या मागे गोठ्यात जाऊन बसला होता. हैबती त्याच्याकडे पाण्याचा तांब्या घेऊन गेला.

"आबा, घ्या. म्या आलोय न्हवं?"

"ज्येला म्या माझ्या हातानं जाळला," म्हातारा भिंतीकडे बघत म्हणाला, "त्येच्या हातचं पाणी कसं पिऊ?"

त्याने तोंड फिरवलं ते कायमचं. मुलाच्या नजरेला त्याने पुन्हा नजर दिली नाही, आणि शिमग्याच्या आत तो गेला. बापाच्या चितेजवळ हैबती सगळ्यांच्या देखत बोलला, "माझ्या घरात परत पानाचा माणूस बांधायचा न्हाय. कुणासाठी बी न्हाय." त्या वेळी ते सगळ्यांना पटलं होतं.

त्यानंतरची वर्षं सुखाची होती, आणि हैबतीच्या नावाच्या निम्म्या गोष्टी त्याच वर्षांतल्या आहेत. त्याने वाडीत तुर्की भट्टी बांधली आणि तिच्यात नाचणीचे पाव भाजले. ते इतके कडक झाले की वाडीने दोन दिवस दात धरले, पण तो थांबला नाही, आणि पुढे त्याच पावासाठी घाटाखालून माणसं येऊ लागली. भैरोबाच्या देवळाच्या भिंतीवर त्याने गेरू आणि चुन्याने उंट रंगवले. ते इतके खरे होते की देवळावरून जाताना बैल बुजायचे, असं म्हणतात. मोडलेलं हाड तो असं बसवायचा की माणूस दुसऱ्याच्या पाठीवरून यायचा आणि स्वतःच्या पायांनी जायचा. लढाईत पाय गेलेल्या एका सोबत्याला त्याने फणसाच्या लाकडाचा पाय करून दिला, आणि तो सोबती त्या पायाने धनगरांच्या गजीनृत्यात नाचला, असंही म्हणतात. आता लाकडाच्या पायाने माणूस किती नाचेल हे तुम्हीच ठरवा. मी आपलं ऐकलेलं सांगतो.

पण बायका त्याचं वेगळंच काही सांगतात. परत आल्यावर त्याला हौसा झाली आणि मग केरू झाला. आठवड्याच्या बाजारादिवशी हा माणूस अंगणात दगडावर बसून दोन्ही मुलींचे केस शिकेकाईने स्वतः धुवायचा, विंचरायचा, वेण्या घालायचा. केरूचे सदरे स्वतः शिवायचा. येणारेजाणारे चेष्टा करायचे, "काय जमादार, आज येणीफणीची ड्यूटी?" तो म्हणायचा, "पाच वर्सं ह्येच मागत व्हतो." आणि पुन्हा गुंता सोडवायला लागायचा.

केरू बापावर गेला. उंचीने बापाच्याही वर गेला. घराच्या दारातून आत येताना त्याला वाकावं लागायचं, आणि विसरला की कपाळ आपटायचं. दुसरी लढाई लागली तेव्हा तोही निघाला. सारजाने पाय धरले तेव्हा तो म्हणाला, "आबा बी गेलं व्हतं की गं. आलं न्हवं का?" यावर तिने त्याचे पाय सोडले. बाप वेशीपर्यंत पोहोचवायला गेला. त्याने मुलाच्या पट्ट्याचं बक्कल नीट केलं आणि तिथले रस्ते कसे बांधतात ते बघून ये म्हणून सांगितलं.

केरू ब्रह्मदेशाच्या जंगलात गेला, आणि काही काळाने वाडीत सरकारी कागद आला. केरू बेपत्ता आहे.

हैबतीला दुःख झालं नाही. कागद त्याने घडी करून ठेवला आणि सारजाला म्हणाला, "माझ्या येळंला बी ह्योच सबुद व्हता." त्याच्या चेहऱ्यावर थोडं हसूसुद्धा होतं, असं म्हणतात. लढाई संपली. सुटलेले कैदी परत आले. हैबती प्रत्येकाच्या गावी चालत गेला, बेळगावला पलटणीच्या दारात जाऊन बसला, साहेबांना विचारलं, कारकुनांना विचारलं, स्वयंपाक्यांना विचारलं. कुणी म्हणालं, नदी ओलांडताना दिसला होता. कुणी म्हणालं, तो केरू दुसरा.

वाडीच्या समोर एक उभा काळा कडा आहे. त्याला बोलका कडा म्हणतात, कारण त्याच्यासमोर मारलेली हाक तो जशीच्या तशी परत देतो. पूर्वी लोक म्हणायचे, कड्यात भूत आहे. तरुणपणी हैबतीने कड्यासमोरच्या खिंडीत जागा बदलून बदलून हाका मारल्या, आवाज सर्वांत स्वच्छ कुठून परत येतो तो खडक शोधला, आणि वाडीला समजावून सांगितलं की भिंतीवर मारलेला चेंडू परत येतो तसाच हा आवाज येतो, यात भूतबीत काही नाही. आता तोच हैबती रोज सकाळी त्या खडकावर उभा राहून पलटणीतल्या भसाड्या आवाजात हाक मारायचा, "केरूऽऽ". कडा म्हणायचा, "केरूऽऽ". आणि हैबती घरी येऊन सारजाला सांगायचा, "आली बघ. परत आली. हाय आपला पोरगा." ज्याने गावाला शिकवलं की हा नुसता दगड आहे, तोच आता दगडाची साक्ष घरी आणत होता. कुणी त्याला अडवलं नाही. अडवायला तसं काळीज लागतं.

अशी बरीच वर्षं गेली. मुली तर केव्हाच सासरी गेल्या होत्या. मग सारजाला स्वप्नं पडू लागली. केरू दाराबाहेर उभा असायचा. आत ये म्हटलं तर यायचा नाही, नुसता ओंजळ पुढे करायचा. ती पाणी घेऊन जाईपर्यंत तिथे कुणी नसायचं.

"आवं, त्येला पाणी द्या," ती म्हणाली. "पोरगं दारात उभं हाय."

"सपान हाय ते. माझ्या आबानं बी सपानच बघितलं व्हतं."

"त्येंचं खोटं निघालं म्हून माझं बी खोटं?"

हैबती उठून बाहेर गेला. त्या घरात पहिल्यांदा अबोला धरला गेला. तिला मुलाला पाणी द्यायचं होतं, आणि याला मुलाला जाळायचं नव्हतं. दोघांचं म्हणणं एकाच मायेतून आलेलं, आणि दोन्ही एका वेळी करता येत नव्हतं. सारजा झुरू लागली. अन्न तुटलं. हैबतीने तिला नाना पाले उकळून दिले, पण मोडलेलं हाड बसवणाऱ्या त्या हातांना तिच्या दुखण्याची जागा सापडेना. शेवटी एक दिवस तिने त्याला जवळ बसवून घेतलं.

"म्या गेल्यावर तुमी त्येचा पुतळा करायचा न्हाय, मला ठावं हाय. म्हंजे त्यो तसाच उभा ऱ्हानार." मग ती म्हणाली, "मला कड्याफुडं न्या."

लढाईत जखमी माणसाला नेतात तसं त्याने तिला पाठीवर घेतलं. वजन उरलंच नव्हतं तिला. सकाळची वेळ होती. त्यांना बघून वाडीतली माणसं कामं टाकून मागे चालू लागली. खडकावर पोहोचल्यावर हैबती सवयीने पुढे झाला आणि त्याने छाती भरून घेतली, तसा सारजाने त्याचा हात धरला.

"इतकी वर्सं तुमीच मारताय. तुमचा आवाज तुमालाच परत येतोय. आज म्या मारते."

ती उठून उभी राहिली. पदर सावरला. लहानपणी केरू उनाडायला गेला की त्याला जेवायला बोलावायची, त्याच सुरात तिने हाक मारली.

"केरूऽऽ"

सगळे थांबले. कडा बोलला नाही.

आता तुम्ही म्हणाल, आजारी बाईचा आवाज तो, पोहोचून पोहोचून किती पोहोचणार. हैबतीही तेच म्हणाला. तो पुढे झाला आणि नरड्याच्या शिरा ताणून त्याने अशी हाक मारली की झाडांवरची पाखरं उडाली. पाखरांच्या पंखांचा आवाज कड्यावरून परत आला. पलीकडच्या उतारावर एक धनगर मेंढरांना शीळ घालत होता, ती शीळ परत आली. केरूचं नाव तेवढं आलं नाही. ते कड्याने ठेवून घेतलं, असं म्हणतात. हैबतीने पुन्हा हाक मारली, पुन्हा मारली, आवाज फुटेपर्यंत मारली. मग सारजाने त्याला हाताला धरून खाली बसवलं, आणि आपल्या पदराने त्याचं तोंड पुसलं. एवढ्या वर्षांत तो रडला नव्हता. त्या दिवशी तो बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून सगळ्या वाडीसमोर रडला, आणि बघणाऱ्यांपैकी एकाचेही डोळे कोरडे नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्याने पळसाची पानं आणली. भटजी म्हणाले, पुतळा मी बांधतो. त्याने ऐकलं नाही. मुलाच्या अंगाची मापं त्याच्या हातांत होती, त्यालाच ती माहीत होती. खांदे केले, छाती केली, हात केले, नारळ ठेवला. सारजा भिंतीला टेकून बघत होती.

"उंची कमी झाली," ती म्हणाली. "त्यो दारातनं वाकून यायचा."

हैबतीने दाराकडे बघितलं. मग आणखी पानं घेतली आणि पाय लांब केले.

अग्नी देण्यापूर्वी त्याने पलिता वर धरला. "आबा, आत्ता कळलं गा," असं तो म्हणाला, आणि ते केरूला नव्हतं, येसबाला होतं. आपल्याला जिवंतपणी जाळणाऱ्या बापाचा हात किती कापला असेल, हे जगभर विचारत फिरलेल्या माणसाला त्या एका क्षणी कळलं. त्याने पलिता टेकवला. सारजाने ओंजळीने पाणी सोडलं. त्या रात्री ती पोटभर जेवली आणि गाढ झोपली. पुढे फार जगली नाही, पण जेवढी जगली तेवढी शांत जगली. दारात कुणी उभं राहिलं नाही.

हैबतीबाबा तिच्यामागे बरीच वर्षं होता. भट्टी पेटवायचा, हाडं बसवायचा, पोरांना उंटांच्या गोष्टी सांगायचा. विचारायचं मात्र त्याने सोडून दिलं होतं. मरताना त्याने वाडीकडून एकच वचन घेतलं. बेपत्ता माणसाला या वाडीत घाईने जाळू नका आणि उगीच अडवूनही ठेवू नका. आधी कड्यासमोर जाऊन हाक मारा. आणि पहिली हाक आईला मारू द्या.

वाडीने ते वचन मोडलेलं नाही. आता रस्ता झाला, फोन आले, सीमेवरची बातमी घटकाभरात घरात येते. कड्याला विचारायची पाळी आता कुणावर येत नाही. तरी पांगारवाडीचा पोरगा फौजेत निघाला की त्याला आधी त्या खडकावर नेतात. त्याला 'हैबतीबाबाचा खडक' म्हणतात. पोरं लाजतात, मोबाईल काढून वेळ बघतात, खाली जीपवाला हॉर्न वाजवत असतो. आई पदर सावरून पुढे होते आणि मुलगा शेजारीच उभा असताना त्याच्याच नावाने कड्याला हाक मारते. मग ती मान तिरकी करून ऐकत राहते. कड्यावरून नाव परत आलं, स्वच्छ ऐकू आलं, म्हणजे ती त्याच्या पाठीवर हात ठेवते आणि म्हणते, "जा आता."